ऐंशी जागा आणि एक दोरी

वाशिम जिल्ह्यात चौथी-पाचवीतलं एखादं लेकरू चुणचुणीत निघालं की गावात दोन प्रश्न हमखास विचारले जातात. नवोदयचा फॉर्म भरला का? स्कॉलरशिपला बसवलं का? ते लेकरू काय वाचतं, हा प्रश्न मी तरी कुणाच्या ओसरीवर ऐकलेला नाही.

खालचं बोलणं दोन शिक्षकांचं आहे. गुरुजी जिल्हा परिषदेचे निवृत्त मुख्याध्यापक. नोकरीत असल्यापासून पहाटेचे नवोदय-शिष्यवृत्तीचे वर्ग घेतात, आजही घेतात, एक रुपया फी घेत नाहीत. मात्र आपल्या पोरांपैकी कोण डॉक्टर झालं आणि कोण तहसीलदार, हे पाहुण्याला चहा येण्याआधी ऐकून घ्यावं लागतं. बाई मानोरा तालुक्यात एका तांड्यावरच्या द्विशिक्षकी शाळेत आहेत. त्यांच्या शाळेतलं वाचनालय पोरंच चालवतात. बाई लहानपणी गुरुजींच्याच पहाटेच्या वर्गात होत्या आणि नवोदयला त्यांचा नंबर लागला नव्हता, हे वाचकानं लक्षात ठेवलेलं बरं. दोघांनीही नावं छापू नका म्हणून बजावलंय. गुरुजी त्यांना एरवी ‘तू’ म्हणतात. ‘तुम्ही’वर आले की पारा चढला असं समजायचं.

गुरुजी : शिक्षण परिषदेत तू माझ्या वर्गाला कारखाना म्हणालीस म्हणे.

बाई : कारखाना नाही गुरुजी, चाळणी म्हणाले. आणि तुमच्या वर्गाला नाही, परीक्षेला.

गुरुजी : बरं, चाळणी. मग चाळणीनं कोणाचं घोडं मारलं? अख्खा जिल्हा, सहा तालुके, आणि नवोदयला सहावीच्या जागा ऐंशी. त्यातल्या शेकडा पंच्याहत्तर तरी खेड्यातल्या पोरांच्या, एक तृतीयांश मुलींच्या. एकदा आत गेलं की बारावीपर्यंत राहणं, जेवण, गणवेश, पुस्तकं, सगळं सरकारचं. ज्याच्या बापाच्या नावावर सातबारा नाही, त्याच्या पोराला याहून मोठं काय देशील तू? गोष्टीचं पुस्तक?

बाई : तो रस्ता खरा आहे. मी कधी नाकारला?

गुरुजी : नाकारत नाहीस, पण नाक मुरडतेस. 1985-86 मध्ये देशात पहिली दोन नवोदयं निघाली. एक हरियाणात झज्जरला, दुसरं आपल्या अमरावतीला. 1986 च्या शैक्षणिक धोरणात साधी गोष्ट होती : ज्या लेकराला वेग आहे त्याला पैशापायी अडवू नका. त्याच्याही कितीतरी आधी राज्य सरकारची विद्यानिकेतनं होती, त्यातलं एक अमरावतीलाच. वऱ्हाडातल्या शेतमजुराचं पोरगं स्कॉलरशिपच्या गुणांवर तिथं जायचं आणि सायबाच्या पोराच्या शेजारी बसायचं. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. तुझ्या ‘आनंददायी वाचना’नं असं किती जणांना बसवलं?

बाई : आधी चाळणीपर्यंत कोण पोचतं ते तर पाहा. नवोदयची परीक्षा हिवाळ्यात. आमच्या तांड्यावर दिवाळी झाली की ट्रक लागतात. कुणी ऊसतोडीला, कुणी वीटभट्टीवर. जानेवारीत माझा पाचवीचा वर्ग निम्मा असतो. बाकीची पोरं फडावर, धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन. त्यात हुशार कोण, हे कुणाला कळणार?

गुरुजी : म्हणून तर हंगामी वसतिगृहं आहेत. आजीजवळ ठेवता येते. मी दोन पोट्ट्यांना माझ्या घरी ठेवलं होतं. आमच्या घरच्यांनी चार महिने भाकरी थापल्या त्यांच्यासाठी. एकाचा नंबर लागला.

बाई : आणि दुसऱ्याचं काय झालं?

गुरुजी : दुसऱ्यानं नववीत शाळा सोडली.

बाई : त्याला वाचता यायचं?

गुरुजी : आकृत्यांत पक्का होता. उतारा आला की घाम फुटायचा त्याला.

ज्यानं तो पेपर पाहिला नाही त्याच्यासाठी थोडं सांगतो. नवोदयच्या निवड परीक्षेत दोन तासांत ऐंशी प्रश्न सोडवायचे असतात. चाळीस प्रश्न मानसिक क्षमतेचे, वीस अंकगणिताचे, वीस भाषेचे. गुण अनुक्रमे 50, 25, 25. परीक्षेला आयुष्यात एकदाच बसता येतं. मानसिक क्षमतेचे प्रश्न सगळे आकृत्यांचे. गटात न बसणारी आकृती शोधा, आरशातली प्रतिमा ओळखा, घडी घालून छिद्र पाडलेला कागद उलगडल्यावर कसा दिसेल ते सांगा. शब्द टाळले ते मुद्दाम. घरात पुस्तक नसलेलं पोर शब्दांमुळे मागं पडू नये, हा त्यामागचा विचार.

बाई : विचार चांगलाच होता. पण आकृत्यांचे प्रकार दहा आणि प्रत्येकाचे प्रश्न चार, हे आता क्लासवाल्यांना पाठ आहे. तिसरी-चौथीपासून पोरं क्लासच्या वसतिगृहात राहतात. शाळेत नाव आमच्याकडं, पोरगं तिकडं. तेच दहा प्रकार घोटतात. मग ऐंशी जागांवर बुद्धी निवडून येते की बापाची ऐपत?

गुरुजी : माझी फी शून्य आहे.

बाई : तुमची आहे. तुमच्यासारखे किती आहेत?

गुरुजी : (आवाज चढवून) मंग सराव करनं गुन्हा झाला काय? पोट्टं पहाटे चारले उठते, कंदील घेऊन येते, त्याची कदर नाही तुम्हाले? श्रीमंताचं पोरगं क्लासले जाते तं गरिबाच्यानं घरी बसाव काय? मी क्लास बंद केला तं चाळणी बंद होते? नाही होत बाई! फक्त गरिबाचं पोरगं बाद होते.

या ठिकाणी मी मनातल्या मनात गुरुजींच्या बाजूनं हात वर केला. परीक्षा अन्यायाची आहे म्हणून तयारी करून घेऊ नये, हे ज्यांची पोरं आधीच पोचलेली आहेत त्यांनी सांगावं असं शहाणपण आहे. बाईंचा रोख तो नव्हता हेही खरं. पण त्यांच्या बाजूनं बोलणारे बरेच जण नेमकं तेच बोलतात.

बाई : गुरुजी, बुद्धी मोजणं सुरू कुणी केलं माहीत आहे ना? फ्रान्समध्ये बिनेनं, 1905 मध्ये. त्याला हुशार पोरं शोधायचीच नव्हती. शाळेत मागं पडणाऱ्यांना जादा मदत कुणाला द्यायची, ते ठरवायचं होतं. ती कसोटी अमेरिकेत गेली आणि टर्मन नावाच्या प्राध्यापकानं 1921 मध्ये कॅलिफोर्नियात तिच्यावर असामान्य पोरं वेचायला सुरुवात केली. हजारांच्या वर वेचली, आयुष्यभर त्यांच्या नोंदी ठेवल्या. त्या निवडीत दोन पोरं तपासून बाजूला काढली होती, गुण कमी पडले म्हणून. शॉकली आणि आल्वारेझ. दोघांनाही पुढं पदार्थविज्ञानाचं नोबेल मिळालं.

गुरुजी : म्हणजे चाळणीतून सुटले तरी मोठे झालेच की. मग चाळणीनं काय बिघडवलं?

बाई : ते कॅलिफोर्नियात सुटले. मानोऱ्यात सुटला की थेट फडावर.

गुरुजी : बोलायला शिकलीस. पण बिनेची कसोटी आपल्याकडेही आली होती. कामत नावाच्या अभ्यासकांनी 1930 च्या दशकात ती मराठी आणि कानडी पोरांसाठी बेतली. पुण्यात आप्पासाहेब पेंडशांनी 1962 मध्ये ज्ञानप्रबोधिनी काढली, ती याच विश्वासावर की बुद्धिमान पोर शोधता येतं आणि त्याला वेगळं शिक्षण द्यावं लागतं. नुसतं पुढं जायला नाही, समाजासाठी उभं राहायला. तुला त्यात वाईट काय दिसतं? मला तर उलट वाटतं की असं काही वाशिमला का नाही. आम्ही काय फक्त 2018 मध्ये दिल्लीच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत नाव घालण्यापुरते?

बाई : वाईट काही नाही. पण प्रबोधिनीत प्रवेशपरीक्षेनंतर पोराच्या हातात काय काय पडतं ते पाहा. पुस्तकं, प्रकल्प, वाद घालायला माणसं. आपल्याकडं निवडीलाच शिक्षण समजतात. परीक्षा झाली, निकाल लागला, पेढे वाटले. ज्याचा नंबर लागला नाही त्याच्या हातात दोन वर्षांच्या सरावातून काय उरलं? गोल काळे करायची सवय.

गुरुजी : प्राथमिकच्या स्कॉलरशिपला आता वर्षाला पाच हजार मिळतात, उच्च प्राथमिकच्या स्कॉलरशिपला साडेसात. एनएमएमएसची स्कॉलरशिप लागली तर नववीपासून वर्षाला बारा हजार. हातात काय उरतं म्हणतेस? मुलीचं लग्न चार वर्षं लांबतं त्या पैशांनी. हे तुझ्या कोणत्या पुस्तकात लिहिलेलं नसेल.

यावर बाईंकडं उत्तर नव्हतं आणि त्यांनी ते शोधलंही नाही. त्यांनी पर्समधून एक शंभर पानी वही काढली. वरचं प्लास्टिकचं कव्हर फाटलेलं, आत पोरांच्या अक्षरातले रकाने : नाव, पुस्तक, नेलं, आणलं. शेवटचा रकाना ‘कुठं हसू आलं’. एकीनं त्यात लिहिलं होतं, ‘हसू नाई आलं रडू आलं तरी लिवते’.

बाई : वाचनालय मी सुरू केलं नाही, हे आधी सांगते. समग्र शिक्षाची पुस्तकं यायची, आम्ही शिक्का मारून कपाटात ठेवायचो. का, ते तुम्हाला सांगायला नको.

गुरुजी : डेडस्टॉक.

बाई : हो. जडवस्तू संग्रहात नोंद झाली की पुस्तक हरवलं तर वसुली मुख्याध्यापकाकडून. मग कोण देतं पोरांच्या हातात? वाचन प्रेरणा दिनाला, 15 ऑक्टोबरला, कपाट उघडायचं, पोरांना ओळीनं बसवून फोटो काढायचा, फोटो ग्रुपवर टाकायचा, पुस्तकं परत आत. गेल्या वर्षी चौथीतल्या मुलीनं पुस्तक परत दिलंच नाही. म्हणाली, बाई, अर्धंच झालं. मी म्हटलं, पुढच्या वर्षी उरलेलं वाच. ती माझ्याकडं बघतच राहिली. दुसऱ्या दिवशी शाळेत आली ती सुतळी घेऊन. वर्गात दोन खिळ्यांना बांधली आणि म्हणाली, पुस्तकं हिच्यावर टांगू, कपडे वाळत घालतो तशी. कोणतं गेलं ते मोकळ्या जागेवरून समजेल. नोंदवही मी ठेवते.

गुरुजी : आणि तू ठेवू दिलंस. ऑडिट आलं असतं तर?

बाई : पुस्तकं फाटतात. फडावर गेलेली काही परत येत नाहीत. मी जीर्ण म्हणून निर्लेखनाचा प्रस्ताव टाकते. आतापर्यंत मंजूर झालाय.

गुरुजी : (हसत) म्हणजे कायदा पाठ आहे तुझा. पण कपाट बंद ठेवण्यालाही हिणवू नको. कारंज्याचं बघ. तिथल्या जैन मंदिरांतल्या भांडारांत पोथ्या राहिल्या त्या बंदोबस्तात होत्या म्हणून. पुष्पदंताची दहाव्या शतकातली अपभ्रंश काव्यं सुतळीवर टांगली असती तर आज जगाला मिळाली असती काय?

बाई : आणि ती जगाला मिळाली कशी? अमरावतीच्या कॉलेजातून हिरालाल जैन आले, कपाटं उघडून घेतली, 1930 च्या दशकात ‘णायकुमारचरिउ’ छापून काढलं. हजारेक वर्षांनी. माझ्या चौथीच्या पोरींकडं तेवढी सवड नाही.

कारंज्याचा दाखला दोघांनाही सारखाच कामाला आला. जिल्ह्याला मिरवायला आवडणारी आणखी एक गोष्ट गुरुजींनी काढलीच असती, म्हणून मीच सांगून टाकतो. राजशेखराच्या ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचं लग्न वत्सगुल्मात, म्हणजे आपल्या वाशिमात लागतं. लग्न लागल्यावर मात्र जोडपं हिमालयाकडे निघून जातं. जिल्ह्यातल्या हुशार पोरांची रीत बहुधा तेव्हापासूनची असावी.

गुरुजी : बरं, दोरी बांधली. पुढं?

बाई : पुढं पोरांनीच नियम केले. पुस्तक हवं असेल तर पहिलं पान मोठ्यानं वाचून दाखवायचं. वाचताना बोटं मिटायची, अडलेल्या शब्दाला एक. मूठ झाली की ते पुस्तक जाड, पातळ घ्यायचं. हे कुणी शिकवलं नाही त्यांना. काही ठिकाणी शिक्षक असंच करतात हे मला मागाहून कळलं. पहिली-दुसरीच्या पोरांना मराठी अजून नीट येत नाही, घरी गोरमाटी बोलतात. त्यांना मोठी पोरं चित्र दाखवत गोरमाटीत गोष्ट सांगतात, मग तीच मराठीत वाचतात. मला गोरमाटी येत नाही गुरुजी. मी जे काम करूच शकत नव्हते ते तिसरीतली पोरगी करते. वाघाला काय म्हणायचं, लांडग्याला काय, यावर त्यांची भांडणं होतात. एकाची आजी निवाडा करायला शाळेत आली होती.

गुरुजी : हे चांगलं आहे. खरंच चांगलं आहे. पण याला काही माप आहे का? माझ्या वर्गाला निकाल आहे. लागला, नाही लागला. तुझ्याकडं काय, ‘कुठं हसू आलं’?

बाई : माप पाहिजे? घ्या. नवोदयच्या भाषेच्या भागात काय असतं?

गुरुजी : चार उतारे. प्रत्येकावर पाच प्रश्न.

बाई : व्याकरण?

गुरुजी : वेगळं असं नाही.

बाई : म्हणजे पंचवीस गुण निव्वळ वाचून समजण्याचे. अंकगणिताचं सांगा. तुमची पोरं गुण कुठं घालवतात?

गुरुजी : शाब्दिक उदाहरणांत. गुणाकार-भागाकार तोंडपाठ असतो, पण काय विचारलंय तेच कळत नाही. परवाचंच उदाहरण. ‘एका व्यापाऱ्यानं 40 रुपये डझन भावानं 5 डझन संत्री घेतली. 6 संत्री सडली. उरलेली प्रत्येकी 5 रुपयांना विकली, तर नफा किती?’ पोरानं 40 गुणिले 5 केले, दोनशे. त्यातून 6 वजा केले, 194. ‘सडली’ दिसलं की वजाबाकी. संत्री अन् रुपये एकाच टोपलीत. आन् हा पोरगा मंगरूळपीरचा, संत्र्याच्या बागेत राहते! ‘उरलेली किती’ असं तोंडी विचारलं तर चौपन्न सांगते लगेच.

बाई : त्याला गणित येतं, वाचता येत नाही. दोन ओळींचं वाक्य शेवटपर्यंत धरून ठेवता येत नाही. माझ्या दोरीवरची पुस्तकं वाचणारं पोर तिथं अडत नाही. तुम्ही पहाटे चारला उठवून जे शिकवताय त्यातलं निम्मं पहिली-दुसरीत गोष्टी वाचून फुकट झालं असतं.

गुरुजी गप्प झाले. मला वाटतं, त्यांना हे आधीच माहीत होतं. फक्त बाईंच्या तोंडून ऐकायचं नव्हतं. ‘प्रथम’ संस्थेच्या आणि तिच्या ‘असर’ पाहणीच्या लोकांनी वर्षानुवर्षं हेच सांगितलं : पोर पाचवीत बसलेलं असतं आणि दुसरीचा परिच्छेद त्याच्या हातात अडतो. पोरांना इयत्तेऐवजी वाचनाच्या पातळीनं बसवून शिकवण्याचा त्यांचा प्रयोग इतका तपासला गेला की बॅनर्जी-डुफ्लो यांच्या 2019 च्या नोबेलच्या वेळी त्याचं नाव पुन्हा घेतलं गेलं. पण असर खाली राहिलेल्यांकडं बघतो, आणि नवोदय-शिष्यवृत्तीवाले वरच्यांकडं. मधल्या मधे एक गोष्ट दोघांच्याही नजरेतून निसटते. हुशार पोर आणि मागं पडलेलं पोर एकाच बाकावर बसतं. पुष्कळदा ते एकच पोर असतं.

मग गुरुजींनी तो प्रश्न विचारला ज्याची मी वाट पाहत होतो.

गुरुजी : ती सुतळीवाली पोरगी आता कितवीत आहे?

बाई : पाचवीत.

गुरुजी : नवोदयचा फॉर्म भरला?

बाई : अजून नाही.

गुरुजी : का?

बाई : तारीख आहे अजून.

गुरुजी : तारखेचं मला सांगू नका बाई. ती गेली तर तुमचं वाचनालय कोण चालवणार, हे आहे तुमच्या मनात.

बाई : (थोड्या वेळानं) आहे. खोटं कशाला बोलू? ती सहावीला गेली की दोरी खाली येईल असं वाटतं मला. दुसरंही आहे. ती परीक्षेला बसली आणि नंबर नाही लागला, तर ती पुस्तकं सोडून देईल. मी दिली होती. तुमच्या वर्गातून निकाल लागून घरी आले, त्यानंतर आठवीपर्यंत एक गोष्ट वाचली नाही. वाचन म्हणजे परीक्षा, आणि परीक्षेत मी नापास. एवढंच समजलं होतं मला.

गुरुजी : ते माझं पाप.

बाई : तुमचं नाही. पण माझ्या वर्गात ते पुन्हा व्हायला नको.

गुरुजी : आणि तिला ठेवून घेतलंस, तर ते कोणाचं? ती तांड्यावर राहिली, आठवीनंतर घरी बसवली, लग्न लावलं, तर तुझी दोरी तिला सोडवायला येईल? हे वाचनालय तिनं काढलं, तूच म्हणतेस. अशा पोरीला मोठी लायब्ररी, प्रयोगशाळा, विषयाला एक शिक्षक मिळायला नको? की तिच्या हुशारीचा उपयोग फक्त बाकीच्यांना गोष्ट सांगण्यापुरता?

इथं मी पूर्णपणे गुरुजींच्या बाजूचा आहे, आणि बाईही असाव्यात, कारण त्या काही बोलल्या नाहीत. हुशार पोराला गावाच्या भल्यासाठी मागं धरणं हा चांगुलपणाचा सर्वांत सोयीस्कर प्रकार आहे. मात्र गुरुजी ज्याची यादी वाचत होते त्यात एक मेख आहे. लायब्ररी काही नवोदयची मिरास नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात 2009 पासून लिहिलंय की प्रत्येक शाळेत ग्रंथालय असेल आणि त्यात वर्तमानपत्रं, मासिकं, गोष्टींची पुस्तकं असतील. 2020 च्या शैक्षणिक धोरणात विशेष गती असलेल्या पोरांसाठी विषयवार मंडळं काढा म्हटलंय, आणि त्याच धोरणात पोरांनी पोरांना शिकवावं, गावोगावी वाचनालयं वाढावीत असंही म्हटलंय. कागदावर बाई आणि गुरुजी एकाच पानावर आहेत. साखऱ्याच्या जिल्हा परिषद शाळेचं नाव राज्यभर झालं, तिथं इतर गावांतून पोरं यायला धडपडतात. म्हणजे याच जिल्ह्यात, याच पगारावर, असं होऊ शकतं. पण शंभर शाळांतून एक उचलून दाखवायची सवय पोरांपुरती राहिलेली नाही. शाळाही आपण तशाच निवडतो, आणि उरलेल्यांना निकाल कळवून मोकळे होतो.

बाई : फॉर्म भरते. पण मग तिची तयारी?

गुरुजी : माझ्याकडं पाठव.

बाई : पहाटे चारला तांड्यावरून? एसटी सातला येते गुरुजी, आली तर.

गुरुजी : मग मीच येतो. रविवारी. पण ऐक, मी आलो की आकृत्या घेणार. उगाच मधे गोष्ट-गाणं नको.

बाई : एकटीला नाही घ्यायचं. चौथी-पाचवीची जेवढी असतील तेवढी बसतील. फडावर जाणारीही.

गुरुजी : फडावर जाणाऱ्याला परीक्षाच देता येणार नाही, त्याला शिकवून काय उपयोग?

बाई : घडी घातलेला कागद उलगडल्यावर कसा दिसतो, हे त्याला कळलं तर काय बिघडेल? आणि ती पोरगी परीक्षेला जाईल, पण दोरीची वही तिसरीतल्या दोघींना शिकवून जाईल. ही माझी अट तिला, तुम्हाला नाही.

गुरुजी : मला काही अट नाही?

बाई : आहे. शाळेत जो येतो त्याला पुस्तक न्यावं लागतं. पोरांचा नियम आहे, केंद्रप्रमुखांनाही सोडलं नाही.

गुरुजी : मी न्यायचं? या वयात?

बाई : पहिलं पान मोठ्यानं वाचून दाखवायचं. पोरं बोटं मोजतात.

गुरुजी : अन् त्यातलं अर्धं गोरमाटीत असलं तं?

बाई : तर पातळ मिळेल.

गुरुजी : आकृत्या नऊ ते अकरा. आधीच सांगून ठेवतो. अकराच्या आत कोणी पुस्तक काढलं तं मी वर्ग सोडून जाईन.

बाई : दहा वाजता सुट्टी असते गुरुजी, रविवारीही. ती पोरांनी ठरवलेली आहे.